करवंटीचा कोळसा आणि कार्बन डायऑक्साइड: टीजीएवर वायूकरणाचा खरा वेग कसा मोजावा

एकाच पोत्यातला कोळसा दोन प्रयोगशाळांत दिला, तर त्याच्या वायूकरणाचे, म्हणजे तापलेल्या कार्बनचा वायू होऊन जाण्याचे, वेग सहज दुप्पट-तिप्पट वेगळे येतात. बहुतेक वेळा दोन्हीकडची टीजीए यंत्रं (नमुना तापवत असताना त्याचं वजन सतत मोजणारी) ठीक असतात. फरक असा, की एका ठिकाणी कार्बनच्या पृष्ठभागावरची अभिक्रिया मोजलेली असते आणि दुसऱ्या ठिकाणी वायूला त्या पृष्ठभागापर्यंत पोचायला लागलेला वेळ. वजन दोन्हीकडे सारख्याच दिमाखात घटतं, आलेख दोन्हीकडे गुळगुळीत दिसतो. म्हणून इथे प्रयोगाच्या पायऱ्यांइतकीच जागा तपासण्यांना दिली आहे. उदाहरण नारळाच्या करवंटीच्या कोळशाचं घेतलंय: राख कमी, कडक, कोकणात मुबलक, आणि वाफेने सक्रिय कार्बन करायलाही हाच वापरतात. लाकूड, बगॅस (उसाची चिपाडं) किंवा दगडी कोळशापासून केलेल्या कोळशालाही पद्धत हीच.

पृष्ठभागावर काय घडतं

कार्बन अधिक कार्बन डायऑक्साइड बरोबर दोन कार्बन मोनॉक्साइड, हे समीकरण सगळ्यांना पाठ असतं. प्रत्यक्षात ते एका दमात घडत नाही. कार्बन डायऑक्साइडचा रेणू कार्बनच्या एखाद्या मोकळ्या जागेवर येतो, आपला एक ऑक्सिजन तिथे ठेवतो आणि स्वतः मोनॉक्साइड होऊन निघून जातो. ही पायरी उलटही फिरते: आसपास मोनॉक्साइड असेल तर तो पृष्ठभागावरचा ऑक्सिजन उचलून परत डायऑक्साइड होतो. दुसरी पायरी संथ आहे. पृष्ठभागावर बसलेला ऑक्सिजन खालच्या कार्बन अणूला जाळीतून उपटून मोनॉक्साइड म्हणून घेऊन जातो आणि मागे नवी मोकळी जागा उघडते. वजन घटतं ते या दुसऱ्या पायरीत.

यातून व्यवहारातल्या दोन गोष्टी निघतात. पहिली, कार्बन मोनॉक्साइड या अभिक्रियेला दाबून धरतो, आणि तो तर आपल्याच नमुन्यातून निघत असतो. नमुन्याचा थर जाड असेल तर तळातले कण मोनॉक्साइडच्या डबक्यात बसलेले असतात. दुसरी, ‘मोकळी जागा’ म्हणजे कोळशाचं सगळं पृष्ठफळ नव्हे. ग्राफाइटसारख्या थरांचा सपाट भाग या वायूंच्या दृष्टीने जवळजवळ मुका असतो; अभिक्रिया होते ती थरांच्या कडांवर, तुटक्या कोपऱ्यांवर आणि दोषांवर. त्यामुळे नायट्रोजन शोषणाने मोजलेलं एकूण पृष्ठफळ (बीईटी पृष्ठफळ) दुप्पट आहे म्हणून वेगही दुप्पट असेल, असं धरून चालू नये. १९६३ मध्ये लेन, वास्टोला आणि वॉकर यांनी ३०० अंशांना ऑक्सिजन चिकटवून फक्त या क्रियाशील जागांचं पृष्ठफळ मोजायची पद्धत दिली. वेगाशी नातं सांगते ती हीच मोजणी.

वायूंच्या वेगांतला फरक किती, याचा अंदाज वॉकर, रुसिन्को आणि ऑस्टिन यांनी १९५९ मध्ये मांडला. ८०० अंश सेल्सिअस आणि ०.१ अॅटमॉस्फिअर दाबाला कार्बन डायऑक्साइडचा वेग १ धरला, तर वाफेचा सुमारे ३, हायड्रोजनचा ०.००३ आणि ऑक्सिजनचा १,००,०००. या ओळीतला शेवटचा आकडा प्रयोग करताना सतत डोक्यात ठेवायचा. गॅसमध्ये हवेचा अंश शिरला तर काय होतं, ते पुढे हिशोबानेच पाहू.

कोळसा तयार करणं

करवंटीवरचा काथ्या खरवडून काढा, माती धुऊन टाका, १०५ अंशांना रात्रभर वाळवा आणि ५ ते १० मिमीचे तुकडे करा. नायट्रोजन सोडता येईल अशा ट्यूब फर्नेसमध्ये मिनिटाला १० अंशांनी ९५० पर्यंत न्या आणि तिथे १ तास ठेवा. थंड होईपर्यंत नायट्रोजन बंद करू नका. १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय नळी उघडायची नाही. ताजा कोळसा हवेतला ऑक्सिजन झपाट्याने धरतो, गरम असेल तर पेटतोही.

९५० का? पुढे आपण जास्तीत जास्त ९०० ला मोजणार आहोत. कोळसा ज्या तापमानाला बनला त्यापेक्षा वरच्या तापमानाला त्याची चाचणी घेतली, तर दोन घोटाळे होतात. उरलेले बाष्पनशील पदार्थ निघून जातात आणि ती घट वायूकरणात मोजली जाते. शिवाय उष्णतेने कार्बनचे थर नीट रचले जाऊ लागतात, कडा मिटत जातात, म्हणजे मोजणी चालू असतानाच नमुना बदलत राहतो. तापमान आणि तिथला वेळ या दोन्हींमुळे कोळसा ‘मंदावतो’, म्हणून अहवालात दोन्ही आकडे लिहिलेच पाहिजेत. ‘करवंटीचा कोळसा’ एवढंच लिहिलं असेल तर तो वेग दुसऱ्या कुणाच्याही कामाचा नाही.

दळायला अगेटचा खल वापरा. पोलादी बॉल मिलमधून लोखंडाचे कण येतात आणि लोखंड या अभिक्रियेचं उत्प्रेरक आहे. चाळणीने ४५ ते ७५ मायक्रॉनमधला भाग वेगळा काढा. त्याहून बारीक भुकटी वायूच्या झोतात उडते, आणि राखेचं प्रमाणही तिच्यात वेगळं असू शकतं. दगडी कोळशासाठी असलेल्या आयएस १३५० भाग १ प्रमाणे राख ८१५ अंशांना काढून घ्या. हा आकडा हिशोबात लागणार आहे आणि टीजीएच्या काही मिलिग्रॅमवरून तो काढण्यापेक्षा १ ग्रॅमवरून काढलेला केव्हाही जास्त भरवशाचा.

गॅस आणि गळती

कार्बन डायऑक्साइड ९९.९९ टक्के किंवा त्याहून शुद्ध घ्या. वेल्डिंगचा सिलिंडर चालत नाही. त्यात ओल असते, आणि ओल म्हणजे वाफेची अभिक्रिया. सिलिंडरनंतर मॉलिक्युलर सीव्हचा ड्रायर लावा. नायट्रोजनच्या लाइनवर ऑक्सिजन ट्रॅप बसवा.

आता गळतीचा हिशोब. गॅस मिनिटाला १०० मिली वाहतोय, म्हणजे साधारण ४.१ मिलिमोल. सिलिंडरमध्ये १० पीपीएम (दहा लाख भागांत १०) ऑक्सिजन असेल तर तो सगळाच्या सगळा कोळशाशी भिडला तरी मिनिटाला अर्धा ते एक मायक्रोग्रॅम कार्बन जाईल. ८ मिलिग्रॅम नमुन्यात तासाभरात एक टक्काही नाही; सोडून देता येईल. पण नळीच्या जोडातल्या एखाद्या फेरुलमधून (घट्ट बसवायच्या कडीतून) ०.१ टक्का हवा आत आली की ऑक्सिजन २१० पीपीएम होतो आणि जाणारा कार्बन मिनिटाला १० ते २० मायक्रोग्रॅम. तासाला ०.६ ते १.२ मिलिग्रॅम, म्हणजे नमुन्याच्या ८ ते १५ टक्के! ८०० अंशांना संथ कोळशाचा खरा वेगही याच घरातला असू शकतो.

म्हणून प्रत्येक मालिकेच्या आधी ही चाचणी: नमुना ठेवून नायट्रोजनमध्ये ८५० अंशांना ३० मिनिटं नुसतं थांबा. आधी ९५० ला तासभर तापवलेल्या कोळशाचं वजन इथे हलायला नको. दर १० मिनिटांना ०.१ टक्क्याहून जास्त घट दिसली तर आधी जोड तपासा. साबणाचं पाणी बाहेर जाणारी गळती दाखवतं. आत ओढली जाणारी हवा मात्र त्यातून निसटते. फर्नेस बंद होताना लागणारं ओ-रिंग आणि बॅलन्सच्या, म्हणजे यंत्रातल्या तराजूच्या, बाजूने सोडलेला गॅस (पर्ज), हे दोन नेहमीचे संशयित. गॅस बाहेर जाणारी नळी आखूड असेल तर तिच्यातूनही हवा मागे शिरते. ती निदान मीटरभर लांब ठेवा.

बाहेर पडणारा गॅस मात्र खोलीत सोडायचा नाही. ८ मिलिग्रॅम कार्बनपासून ३३ मिलीच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड होतो. प्रमाण थोडं असलं तरी नळी फ्यूम हूडमध्ये किंवा एक्झॉस्टमध्ये न्या. पुढे मोनॉक्साइड मिसळून प्रयोग करायचे असतील तर भिंतीवर डिटेक्टर हवाच. मोनॉक्साइडला वास नसतो.

यंत्र लावणं

क्रुसिबल, म्हणजे नमुना ठेवायचं छोटं पॅन, अॅल्युमिनाचं, उथळ, कमी काठाचं. प्लॅटिनम नको, कोळशाच्या सान्निध्यात राखेतला फॉस्फरस आणि सिलिकॉन त्याला खातात. खोल क्रुसिबलमध्ये नमुन्याच्या वर वायूचा साचलेला स्तंभ राहतो आणि कार्बन डायऑक्साइडला त्यातून विसरणाने (रेणू आपोआप पसरत जाण्याने) खाली उतरावं लागतं. ५ मिमी व्यासाच्या पॅनमध्ये ८ मिलिग्रॅम कोळसा सारखा पसरला तर थर सुमारे पाऊण मिलिमीटरचा होतो. पॅन टेबलावर हलकेच आपटून ढीग सपाट करा. मध्ये टेकडी राहिली की टेकडीचा माथा आधी जळतो आणि बुंधा मागे राहतो.

तापमानाची खात्री स्वतः करून घ्या. अॅल्युमिनियम ६६०.३ ला आणि चांदी ९६१.८ अंशांना वितळते. आपली मोजणी या दोहोंच्या मध्ये बसते. वजनाने कॅलिब्रेट करणाऱ्या यंत्रात क्यूरी बिंदूचे (ज्या तापमानाला धातूचं चुंबकत्व जातं त्याचे) नमुने वापरतात. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण हिशोब बघा: सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) मोलला २३० किलोज्यूल धरली तर ८५० ला १० अंशांची चूक वेगात २४ टक्क्यांची चूक होते. त्यातच ही अभिक्रिया ऊष्माग्राही आहे, मोलला १७२ किलोज्यूल. मिनिटाला ०.१ मिलिग्रॅम कार्बन जात असेल तर नमुना २४ मिलिवॉट उष्णता पिऊन घेतो आणि थर्मोकपल दाखवतं त्यापेक्षा थोडा थंड राहतो. नमुना कमी ठेवायचं हे आणखी एक कारण.

रिकाम्या पॅनचा रन चुकवू नका. नायट्रोजनवरून कार्बन डायऑक्साइडवर गॅस बदलला की वायूची घनता बदलते, प्लवन (वायू पॅनला वर उचलतो तो जोर) बदलतं, झोताचा जोर बदलतो आणि वजनात एक खोटी पायरी दिसते. तोच प्रोग्रॅम, तेच प्रवाह, तेच पॅन घेऊन रिकामा रन करायचा आणि तो वजा करायचा. पॅन बदललं की नवा रन.

प्रत्यक्ष रन

८ मिलिग्रॅम नमुना ठेवून खोलीच्या तापमानालाच ३० मिनिटं नायट्रोजन सोडा, मिनिटाला १०० मिली. मग मिनिटाला २० अंशांनी १०५ पर्यंत नेऊन १० मिनिटं थांबा. हवेतून घेतलेली ओल जाते. पुढे त्याच दराने मोजणीच्या तापमानाला जा आणि १५ मिनिटं स्थिर होऊ द्या. या वाटेत २ ते ४ टक्के वजन उतरलं तर घाबरायचं कारण नाही: दळताना आणि साठवताना चिकटलेला ऑक्सिजन वायूरूपात निघतो. त्यानंतरचं स्थिर वजन हेच आपलं सुरुवातीचं वजन. तराजूत ठेवताना दिसलेलं वजन विसरा.

आता तोच प्रवाह ठेवून गॅस कार्बन डायऑक्साइडवर वळवा. वळवल्या क्षणापासून वेळ मोजायला लागू नका. फर्नेसमधला नायट्रोजन पुरता निघायला प्रवाह आणि आतल्या जागेप्रमाणे काही मिनिटं लागतात. या काळात वाढत जाणारा वेग हा कोळशाचा गुण नव्हे. रूपांतराचे (कार्बनचा किती भाग गेला त्याचे) पहिले ५ टक्के हिशोबातून वगळणं हा सोपा उपाय. पण तो तेव्हाच चालतो जेव्हा पूर्ण अभिक्रिया सावकाश होते. आमची शिफारस अशी: अर्धा कोळसा जायला किमान १५ मिनिटं आणि जास्तीत जास्त अडीच तास लागतील अशी तापमानं निवडा. त्याहून वेगवान असेल तर गॅस बदलण्यात आणि विसरणात सगळं झाकलं जातं. त्याहून संथ असेल तर गळती आणि बेसलाइनची (रिकाम्या पॅनच्या वजनाच्या रेषेची) सरक वेगाच्या बरोबरीला येतात. करवंटीच्या कोळशासाठी ८००, ८२५, ८५०, ८७५ आणि ९०० ही मालिका घेऊन बघा. आधी ८५० चा रन करा आणि त्यावरून मालिका वर-खाली सरकवा.

वजन हलायचं थांबेपर्यंत रन चालू द्या. शेवटी ५ मिनिटं नायट्रोजन आणि मग हवा सोडून उरलेला कार्बन जाळा. मोनॉक्साइड असलेल्या गरम फर्नेसमध्ये थेट हवा सोडायची नाही.

हिशोब

रूपांतर म्हणजे सुरुवातीच्या वजनातून आत्ताचं वजन वजा करून, त्याला सुरुवातीचं वजन वजा राख याने भागायचं. समजा सुरुवातीचं वजन ८.०० मिलिग्रॅम आणि राख ३ टक्के, म्हणजे ०.२४. वजन ४.१२ वर आलं तेव्हा ३.८८ गेले, ३.८८ भागिले ७.७६ म्हणजे रूपांतर बरोबर ०.५.

त्या क्षणी वजन मिनिटाला ०.०७७६ मिलिग्रॅमने घटत असेल, तर वेगाचे दोन आकडे निघतात. सुरुवातीच्या कार्बनने भागलं तर मिनिटाला ०.०१०, त्या क्षणी शिल्लक असलेल्या कार्बनने, म्हणजे ३.८८ ने भागलं, तर ०.०२०. दोन्ही बरोबर आहेत, दोन्हींना लोक ‘वेग’च म्हणतात, आणि अर्ध्या रूपांतराला त्यांत दुपटीचा फरक असतो. रूपांतर वाढेल तसा तो आणखी वाढतो. कशाने भागलं ते लिहायचं राहून जातं आणि मग दोन अहवालांत न मिटणारा वाद सुरू होतो. उरलेल्या कार्बनवरचा वेग शेवटाकडे उंच उडालेला दिसतो तो पुष्कळदा राखेच्या आकड्यातल्या चुकीमुळे: ०.९५ च्या पुढे भागाकाराचा छेद राखेच्याच घरात येतो. तिथले बिंदू अर्हेनियस आलेखात (वेग आणि तापमानाचा, पुढे येतो) घेऊ नका.

वजनाच्या बिंदूंवरून उतार काढताना लागोपाठच्या दोन बिंदूंची वजाबाकी करू नका. १५-२० बिंदूंच्या सरकत्या पट्ट्यावर सरळ रेष बसवा.

हा वेग पृष्ठभागाचाच आहे का?

आलेला आकडा वहीत लिहिण्याआधी तीन तपासण्या कराव्यात. खरं सांगायचं तर सगळ्या कामाचा जीव इथे आहे.

पहिली तपासणी नमुन्याच्या वजनाची. त्याच तापमानाला ४, ८ आणि १६ मिलिग्रॅम घेऊन रन करा. प्रति ग्रॅम वेग तिन्हींत सारखा यायला हवा. १६ ला तो खाली घसरला तर थरातून वायू पोचत नाहीये आणि साचलेला मोनॉक्साइड अभिक्रिया दाबतोय. ४ आणि ८ जुळले की ८ ने काम करा. बाहेरच्या वायूत मोनॉक्साइड अगदीच नगण्य असतो: मिनिटाला ०.१ मिलिग्रॅम कार्बन जात असेल तर १०० मिली प्रवाहात तो ०.४ टक्का. पण थराच्या तळाशी तो याच्या कित्येक पट असू शकतो, आणि बाहेर लावलेला गॅस अॅनालायझर तळाचं काहीच सांगत नाही. प्रवाह ५०, १०० आणि २०० करूनही एकेकदा बघा. १०० आणि २०० जुळले तर प्रश्न मिटला.

दुसरी, कणांच्या आकाराची. ४५–७५ मायक्रॉन आणि १५०–२१२ मायक्रॉन, दोन्हींचा वेग एक आला तर रंध्रांच्या आतपर्यंत वायू पुरेसा पोचतोय. मोठ्या कणांचा वेग कमी पडला तर आतला कार्बन उपाशी आहे.

तिसरी, तापमानाची, आणि ही फुकटात होते कारण मालिका आपण करतोच आहोत. वेगाचा लॉग आणि केल्व्हिनमधल्या तापमानाचा व्यस्त यांचा आलेख काढा. करवंटी, लाकूड यांच्या कोळशाला कार्बन डायऑक्साइडबरोबर सक्रियण ऊर्जा बहुधा मोलला २०० ते २५० किलोज्यूलमध्ये येते. रंध्रांतल्या विसरणाने वेग धरून ठेवला की दिसणारी ऊर्जा निम्मी होते. पाठ करून ठेवावा असा ठोकताळा: ८०० वरून ८५० ला गेल्यावर खरा पृष्ठभागाचा वेग तिपटीहून थोडा जास्त होतो, विसरणाच्या कह्यात असेल तर पावणेदोनपटच. आलेख खालच्या तापमानांना ताठ आणि वर जाताना आडवा होत असेल, तर मोडते त्या जागेच्या खालचेच बिंदू घ्या. सगळ्यांवरून एकच सरळ रेष ओढली की मधलीच कुठली तरी ऊर्जा निघते आणि तिला काहीही अर्थ नसतो. १५० ते १७० किलोज्यूलसारखे आकडे दिसले की पहिली शंका हीच घ्यावी.

आलेखाचा आकार काय सांगतो

सुरुवातीच्या कार्बनवरचा वेग रूपांतराबरोबर कसा बदलतो ते बघा. नुसता उतरत गेला तर साधं आहे: कार्बन कमी होतोय. पण कोळसा सच्छिद्र असतो. जळताना रंध्रांच्या भिंती मागे सरकतात, पृष्ठफळ आधी वाढतं; मग शेजारची रंध्रं एकमेकांत मिसळतात आणि ते कमी होतं. भाटिया आणि पर्लमटर यांनी १९८० मध्ये हेच गणितात बसवलं. यादृच्छिक रंध्रांचं प्रतिमान म्हणून ते ओळखलं जातं. सुरेश भाटिया पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक होते.

या प्रतिमानाचा एक निष्कर्ष कामाला फार येतो: रंध्रांच्या वाढीमुळे येणारं शिखर ०.३९३ रूपांतराच्या पुढे येऊच शकत नाही. रंध्रांची रचना कशीही असो, ही हद्द आहे. शिखर ०.२ किंवा ०.३ ला आलं तर प्रतिमान बसवून बघा. शिखर ०.६, ०.८ ला आलं, किंवा वेग शेवटपर्यंत चढतच गेला, तर प्रतिमानाचे आकडे ओढूनताणून बसवू नका. तिथे राख बोलते आहे.

राखेतला पोटॅशियम

पोटॅशियम, सोडियम आणि कॅल्शियम या अभिक्रियेला जबरदस्त गती देतात. करवंटीची राख थोडी, पण तिच्यात पोटॅशियम भरपूर. तो पृष्ठभागावर फिरता राहतो, वायूकडून ऑक्सिजन घेऊन कार्बनला देतो. कार्बन कमी होत जातो, पोटॅशियम तेवढाच राहतो, म्हणून उरलेल्या कार्बनमागे उत्प्रेरक वाढत जातो आणि वेग उशिरापर्यंत चढतो.

हे पडताळून बघायचं असेल तर कोळसा १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांना २४ तास ढवळा, मग डिस्टिल्ड पाण्याने धूत राहा. धुवणात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पांढुरका गढूळपणा येईनासा झाला की थांबा. घाईने अर्धवट धुतलं तर क्लोराइड रंध्रांत राहतं आणि तापवताना वजनात गोंधळ घालतं. वाळवून परत ८५० ला चालवा. वेग बराच खाली आला आणि उशिराचं शिखर नाहीसं झालं, तर शंका खरी. नुसत्या पाण्यानेही पोटॅशियमचा बराच भाग निघून जातो, म्हणून पावसात भिजलेल्या ढिगातला नमुना आणि कोरडा नमुना एक समजू नये.

भाताच्या तुसात गोष्ट उलटी होते. तिथे सिलिका प्रचंड. ती पोटॅशियमला सिलिकेटमध्ये बांधून टाकते आणि उत्प्रेरक निकामी होतो. कॅल्शियमचे कण तापमानाने एकमेकांना चिकटून मोठे होतात, तेव्हा त्याचा जोर सुरुवातीला असतो आणि पुढे ओसरतो. ९०० च्या वर पोटॅशियम वाफ होऊन निघून जाऊ लागतो. यंत्राच्या थंड भागात पांढरा थर दिसला तर तो या पोटॅशियमचाच.

वाफेने मोजायचं असेल तर

वाफ सामान्यतः कार्बन डायऑक्साइडपेक्षा वेगवान. यंत्रणा तशीच, ऑक्सिजन ठेवून हायड्रोजन निघून जातो. मोनॉक्साइडऐवजी इथे दाबून धरणारा हायड्रोजन असतो. अभिक्रिया ऊष्माग्राहीच, पण मोलला १३१ किलोज्यूल.

वाफ देण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे नायट्रोजन ८० अंशांच्या पाण्यातून बुडबुड्यांनी नेणं. ८० ला पाण्याचा बाष्पदाब ४७.४ किलोपास्कल. मुंबईत, समुद्रसपाटीला, म्हणजे वायूत सुमारे ४७ टक्के वाफ. पुण्यात हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो, तिथे तीच बाटली ५० टक्के वाफ देते. अहवालात टक्के नकोत, किलोपास्कल लिहा. बाटलीनंतरची प्रत्येक नळी, प्रत्येक जोड १२० अंशांच्या वर तापलेला हवा. एक थंड कोपरा राहिला की पाणी साचतं, मग थेंब एकदम उडतो आणि वजनाला झटके बसतात. साध्या टीजीएमध्ये वाफ सोडू नका, बॅलन्सच्या काट्यावर पाणी जमतं. वाफेसाठी बनवलेली जोडणी असलेलंच यंत्र घ्या, आणि बॅलन्सच्या बाजूने येणारा नायट्रोजन वाफेला किती पातळ करतो ते हिशोबात धरा.

प्रत्यक्ष भट्टीसाठी हे आकडे वापरताना

डाउनड्राफ्ट गॅसिफायरमध्ये (इंधनाचा वायू करणाऱ्या, वायू खाली वाहणाऱ्या भट्टीत) कोळशाचे तुकडे १० ते ५० मिमीचे असतात, आपल्या कणांच्या शेकडो पट. तिथे वेग विसरणाच्याच कह्यात असतो, म्हणून टीजीएचा वेग जसाच्या तसा लावला तर भट्टीची क्षमता फुगवून मांडली जाते. आकड्याला आधी तुकड्याच्या आकाराप्रमाणे रंध्रांतल्या विसरणाची दुरुस्ती लागते.

दुसरी बाब तापमानाची. ऑक्सिजनच्या पट्ट्यातून उतरलेला वायू हजार अंशांच्या वर असतो, पण खालच्या कोळशात शिरताच या ऊष्माग्राही अभिक्रिया त्याची उष्णता खाऊन टाकतात. ७०० च्या आसपास पोचेपर्यंत अभिक्रिया व्यवहारात थांबते. त्या पातळीखाली कोळशाचा थर कितीही उंच केला तरी वायू सुधारत नाही, फक्त दाबाचा उतार वाढतो. मालिकेतल्या ८०० च्या वेगावरून ७५० आणि ७०० चे वेग काढले की हा थर किती ठेवावा ते कळतं.

पानं, पाचट, बगॅस यांचा कोळसा हलका, झटपट अभिक्रिया करणारा, पण राख जास्त आणि लवकर वितळणारी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात उसाच्या पाचटावर आणि बगॅसवर चालणारा गॅसिफायर उभा केला, तेव्हा इंधन सारखं खाली सरकत ठेवणं आणि राख काढत राहणं यावरच रचनेचा मोठा भाग खर्ची पडतो हे त्या कामातून दिसतं. अशा इंधनाच्या कोळशाचा वेग मोजताना टीजीएत रन संपल्यावर पॅन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. राखेचे मोकळे, भुरभुरीत कण असतील तर ठीक. काचेसारखे चमकते मणी दिसले, आणि मण्यांच्या आत काळे ठिपके अडकलेले असले, तर तो कार्बन वितळलेल्या राखेत बंद झालेला आहे. वजन स्थिर झालं तरी रूपांतर पूर्ण झालेलं नाही. तापमान ५० अंशांनी उतरवा आणि रन पुन्हा घ्या.